साडेचारशेचं बेअरिंग, तेराशेचं बेअरिंग आणि माझी पिकअप: नऊ महिन्यांनंतर

माझी पिकअप २०११ ची. हंगामात गुऱ्हाळावरून गुळाचे रवे (ढेपा) भरून कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात आणि एरवी मिळेल ते भाडं, असं तिचं आयुष्य. महिन्यातून दोन-तीन वेळा गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून कोकणातही जाते. गेल्या वर्षी मार्चमध्ये भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये उचलताना खालून थरथर यायला लागली. गाडी हलली की थरथर बंद. मग ४५ च्या पुढं बारीक घूं घूं.

पहिल्या गॅरेजवाल्यानं क्लच प्लेट गेली म्हणून सांगितलं आणि बदललीही. साडेपाच हजार गेले, थरथर तिथंच. खरं तर रिकाम्या रस्त्यावर ५० ला न्यूट्रल करून बघितलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. नंतर मी तसं करून बघितलं: इंजिनचा आवाज पडला तरी घूं घूं तशीच राहिली, म्हणजे दुखणं गिअरबॉक्सच्या मागं. वळणावर आवाज कमीजास्त होत नव्हता, म्हणून चाकाच्या बेअरिंगवरही संशय नव्हता. शेवटी चाकांना दगड लावून मीच खाली शिरलो आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडं ताकद नेणारा दांडा) मधोमध धरून वर ढकलला. चांगला बोटभर हलला. रबर गोल फाटलेलं आणि सेंटर बेअरिंग नुसतं लोंबकळत होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लांब गाडीचा शाफ्ट दोन तुकड्यांत असतो, आणि मधल्या सांध्याजवळ त्याला चासीला टांगून धरतं ते हे सेंटर बेअरिंग. आत बेअरिंग, भोवती रबर, बाहेर पत्र्याची पट्टी. बेअरिंग फिरण्यासाठी आणि रबर धक्के खाण्यासाठी. बहुतेक वेळा आधी रबरच दगा देतं.

त्याच गॅरेजात साडेचारशेचं लोकल सेंटर बेअरिंग बसवलं. एप्रिल ते जुलै, तीन महिने. पहिल्या दमदार पावसात गगनबावड्याच्या रस्त्यावर दोन ठिकाणी गुडघ्याच्या खाली पाणी होतं, तेवढ्यातून गाडी काढली आणि आठवड्यात आवाज परत चालू. या वेळी शिवाजी उद्यमनगरात एका वयस्कर लेथवाल्या मामांकडं गेलो. त्यांनी शाफ्ट उतरवला, बेअरिंग हातात घेऊन फिरवलं, आतून चहासारखं पाणी गळलं. कडेला पत्र्याची झाकणं होती. पत्र्याचं झाकण धूळ अडवतं, पाणी नाही. पाणी शिरलं, ग्रीस धुऊन गेलं, गोळ्या कोरड्या पडल्या.

पण मामा चिडले ते बेअरिंगवर नाही. शाफ्टवर बेअरिंग बसतं त्या बैठकीवर बोट फिरवलं आणि मला म्हणाले, "हात लावून बघ." खरबरीत लागलं. पहिल्या मिस्त्रीनं बेअरिंग ढिलं बसतंय म्हणून बैठकीवर सगळीकडनं पंच मारून खड्डे पाडून ठेवले होते! "ह्यो शाफ्ट हाय का खिसणी? आन् ह्यो दात बघ, एक दात सरकवून जोडलाय." शाफ्टचे दोन तुकडे दातांनी एकमेकांत बसतात, आणि ते खोलताना खूण केली नव्हती. त्यामुळं दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (वाकून फिरणाऱ्या सांध्यांचे) कान एका रेषेत राहिले नव्हते. शाफ्ट एका फेऱ्यात दोन हिसके मारायचा, आणि नवं रबर ते तीन महिने सोसत होतं.

मामांनी बैठक वेल्डिंगनं भरली, लेथवर मापात आणली. बेअरिंग ६२०७, दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं. (शेवटच्या दोन आकड्यांना ५ नं गुणा, आतल्या भोकाचं माप मिळतं: ०७ म्हणजे ३५ मिमी. तुमच्या गाडीला वेगळं असेल, जुनं काढूनच नंबर बघा.) बेअरिंग रबरासकट तेराशे, लेथ आणि मजुरी मिळून सोळाशे. हातोडा अजिबात नाही. आतल्या रिंगला टेकेल असा पाइप ठेवून प्रेसवर हळू दाबलं. चासीला धरणाऱ्या पट्टीचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे आवळले, नाहीतर रबर पिळलेलं राहतं. या वेळी खूण म्हणून फ्लँजवर (शाफ्टच्या टोकाच्या जोडणीच्या चकतीवर) आणि दातांवर मारलेली पांढऱ्या रंगाची रेघ अजून दिसते.

जुलैअखेरपासून आज एप्रिल, सुमारे १४ हजार किलोमीटर. सगळा गुळाचा हंगाम गेला. भरलेली गाडी आता चढावर उभी करून उचलली तरी थरथरत नाही. ७५ च्या वर थोडी कुरकुर राहिली होती. ती डिसेंबरात कळली, मागचा क्रॉस कोरडा पडला होता. तोही तेव्हाच बदलायला हवा होता, मामा म्हणालेही होते, मीच सातशे रुपये वाचवले. क्रॉसला दर महिन्याला निपलमधून ग्रीस मारतो. सेंटर बेअरिंग सीलबंद, त्याला काही करायचं नसतं. फक्त सर्व्हिसिंगवाल्याला सांगतो की पाण्याचा फवारा थेट त्याच्यावर धरू नको. पोरं ऐकत नाहीत, उभं राहावं लागतं.

बेअरिंगला दहापैकी आठ. दोन गुण रबराचे कापले. परवा खाली शिरून बघितलं तर वरच्या बाजूला केसासारख्या दोन चिरा दिसल्या. अजून शाफ्ट हलत नाही. मे महिन्यात घाटाचं एक भाडं आहे, ते करून परत बघणार, आणि चिरा वाढल्या असतील तर पाऊस लागायच्या आत उद्यमनगर गाठणार.