बुला रेजिया, ट्युनिशिया: जमिनीखालची रोमन घरं
आम्ही जळगाव-अमळनेरची १२ माणसं ट्युनिशियाच्या टूरला गेलो होतो, त्यातलं मला सगळ्यात जास्त आवडलं ते हे ठिकाण. ट्युनिसपासून साधारण १६० किमी, जेंदूबा गावाजवळ, रोमन काळात हा भाग त्यांच्या 'आफ्रिका' नावाच्या प्रांतात होता. वरून नुसते पडके दगड दिसतात, आमच्यातले चार जण तर बसमधून उतरलेच नाहीत. पण जिना उतरून खाली गेलं ना की अख्खं घर आहे हो, मधे उघडा चौक, भोवती खांब, बाजूला जेवणाची खोली, झोपायच्या खोल्या, म्हणजे आपल्या वाड्यासारखंच पण जमिनीच्या पोटात.

उन्हापासून वाचायला असं बांधलं म्हणतात आणि ते पटतंच, वर ऊन मी म्हणत होतं आणि खाली पाच मिनिटात घाम सुकला. मला एकदम आजीचं धाब्याचं घर आठवलं, बाहेर ४५ डिग्री असतांना आम्ही पोरं सारवलेल्या जमिनीवर गाढ झोपायचो. ते पाडून स्लॅब टाकला, आता कूलरशिवाय बसवत नाही.

शिकारीचं घर म्हणतात त्यात छताकडे नक्की बघा. प्लास्टर पडलंय तिथे मातीच्या पोकळ नळ्या दिसतात, एक टोक निमुळतं, ते पुढच्या नळीत बसवायचं, एकात एक ग्लास घालतो ना तसं, आणि कमान वाकवत न्यायची. वजनाला हलकं आणि खालून लाकडंही फार लावावी लागत नाहीत. आमचे हे बांधकामाच्या लाईनमधे आहेत, ते मान वर करून उभेच राहिले, म्हणे सेंट्रिंगचा केवढा खर्च वाचवला यांनी.

ॲम्फिट्रायटी म्हणजे ग्रीकांची समुद्रदेवी, तिच्या नावाच्या घरात मोझॅकची, म्हणजे रंगीत दगडांचे तुकडे जुळवून चित्र केलेली फरशी अजून जागेवरच आहे. तिथल्या वॉचमनने बाटलीतलं पाणी शिंपडलं आणि मळकट दगडातून लाल-पिवळे रंग असे वर आले, मधे व्हीनस देवी, खाली डॉल्फिनवर बसलेलं पोरगं. अंगावर काटा आला.

राग फक्त टूरवाल्यांचा आला. इथे एक तास आणि गालिच्याच्या दुकानात अडीच तास! गाईड "रोमन घर" म्हणून मोकळा. ठिकाणाला ५ पैकी ५, टूरला २. जाणार असाल तर ट्युनिसहून स्वतःची गाडी करून जा, पूर्ण दिवस ठेवा, टॉर्च न्या. मासेमारीचं घर म्हणून अजून एक आहे, त्याच्या जिन्यापर्यंत पोचले आणि बसचा हॉर्न वाजला.