सुधारित ई-सायकल: आठ महिने आणि ३,४०० किलोमीटरनंतर

जुनी ई-सायकल दोन वर्षे वापरल्यानंतर त्याच सायकलीची सुधारित आवृत्ती मी घेतली, त्याला आता आठ महिने झाले. घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंतचे अंतर ११ किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन रोज २२. वाटेत साधारण एक किलोमीटरचा चढ लागतो, बरेच सिग्नल लागतात आणि मधला काही रस्ता खराब आहे. कडक ऊन, मुसळधार पाऊस आणि गार सकाळी, अशा सगळ्या दिवसांत मिळून ३,४०० किलोमीटर झाले आहेत. नव्या सायकलीचे पहिल्या आठवड्यातले कौतुक आणि एवढ्या वापरानंतरचे मत यांत बराच फरक पडतो, म्हणून इतके दिवस थांबून हे लिहीत आहे.

माहितीपत्रकात ठळक अक्षरांत तीन बदल दिले होते: २८० वॉट-तासांच्या जागी ५०४ वॉट-तासांची बॅटरी, रंगीत डिस्प्ले आणि मोबाइलवरचे ॲप. मोटर पूर्वीचीच, मागच्या चाकाच्या हबमधली, म्हणजे मधल्या गाभ्यातली, २५० वॉटची. पायाचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर आणि तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक यांचा उल्लेख तपशिलाच्या तक्त्यात बारीक अक्षरांत होता. रोजच्या वापरात मला हा क्रम उलटा वाटला. सायकल खऱ्या अर्थाने बदलली ती सेन्सरमुळे आणि ब्रेकमुळे. बॅटरीचा फायदा त्यानंतर येतो, आणि ॲप तर तिसऱ्या आठवड्यानंतर मी उघडलेलेच नाही.

जुन्या सायकलीत पेडलच्या अक्षावर चुंबकांची एक चकती होती. तिच्या शेजारचा सेन्सर पेडल फिरत आहे की नाही एवढेच ओळखत असे. पायाचा जोर किती आहे हे त्याला कळण्याची सोय नव्हती. त्यामुळे सिग्नल सुटल्यावर पहिले अर्धे आवर्तन पूर्णपणे स्वतःच्या ताकदीवर करावे लागे, मग मोटर एकदम जागी होऊन सायकल पुढे ढकलत असे आणि पेडल थांबवल्यावरही क्षणभर ढकलतच राहत असे. मोकळ्या रस्त्यावर याची सवय होते. परंतु गर्दीत, पुढच्या वाहनाच्या मागे चालण्याच्या वेगाने सरकताना किंवा अरुंद जागेत वळण घेताना, तो एक क्षण फार महत्त्वाचा असतो. अशा वेळी मी जुन्या सायकलीवर कायम ब्रेकवर बोटे ठेवून, श्वास रोखून वळत असे.

टॉर्क सेन्सर पेडलवरच्या जोरामुळे अक्षाला बसणारा अतिसूक्ष्म पीळ मोजतो आणि त्या प्रमाणात मोटरची मदत कमी-जास्त होते. हलके पेडल मारले तर हलकी मदत, जोर लावला तर जास्त, आणि पाय थांबला की मदतही थांबते. चढावर थांबून पुन्हा निघताना हा फरक सर्वांत जास्त जाणवतो, कारण पेडलवर पाय दाबताक्षणी मोटर साथ देते आणि सायकल डगमगत नाही. आपलेच पाय अधिक बळकट झाले आहेत असे वाटण्याइतकी ही मदत सहज मिसळून जाते. याची एक दुसरी बाजूही आहे. थकून परत येताना जुन्या सायकलीवर नुसते पाय फिरवत ठेवले तरी मोटर पूर्ण मदत करीत असे. येथे थोडा तरी जोर लावावाच लागतो. ज्यांच्या गुडघ्यांना दाब सहन होत नाही त्यांनी ही गोष्ट प्रत्यक्ष चालवून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

चढाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण हबमधल्या मोटरविषयी बहुतेकांच्या अपेक्षा येथेच चुकतात. सायकल, मी आणि पाठीवरचे सामान मिळून १०० किलो वजन धरले, तर पाच टक्क्यांचा चढ ताशी १५ किलोमीटर वेगाने चढण्यासाठी सुमारे २०० वॉट शक्ती केवळ वजन वर नेण्यातच खर्च होते. वाऱ्याचा विरोध आणि टायरचे घर्षण वेगळे. २५० वॉटची मोटर आणि माझे पाय मिळून हे आरामात होते. मात्र हबमधल्या मोटरला सायकलीच्या गिअरचा काहीही उपयोग होत नाही. गिअर पायांसाठी असतात. मोटर चाकाच्याच गतीशी बांधलेली असते, आणि चाक फार हळू फिरू लागले की तिला मिळणाऱ्या विजेचा मोठा भाग उष्णतेत जातो. म्हणून चढ येण्याआधीच हलका गिअर टाकून, पाय भरभर फिरवत, वेग ताशी १२ किलोमीटरच्या खाली जाऊ न देणे ही सवय मी लावून घेतली आहे. रोज लांब आणि तीव्र घाट चढणाऱ्याने ही रचना न घेता पेडलच्या अक्षाजवळ मोटर असलेली सायकल पाहावी, कारण त्या रचनेत मोटरची शक्ती साखळीतून जाते आणि गिअरचा लाभ तिलाही मिळतो.

एका चार्जमध्ये १०० किलोमीटर, असा माहितीपत्रकाचा दावा आहे. सर्वांत कमी मदत, सपाट रस्ता आणि वारा नसलेला दिवस असेल तर तो आकडा गाठता येईलही. माझ्या रस्त्यावर तो कधीच आला नाही. मदतीच्या पाच पातळ्यांपैकी दुसऱ्या पातळीवर मला किलोमीटरमागे सुमारे ९ वॉट-तास लागतात आणि ५५ किलोमीटर मिळतात. चौथ्या पातळीवर खर्च साडेबारापर्यंत जातो आणि ४० किलोमीटरला बॅटरी संपत येते. समोरून जोराचा वारा असलेल्या दिवशी किंवा थंडीत यातून आणखी काही किलोमीटर कमी होतात. तरीही दुसऱ्या पातळीवर दोन दिवसांचे ४४ किलोमीटर एका चार्जमध्ये निश्चिंतपणे होतात, आणि माझ्या गरजेला तेवढे पुरते.

मोठ्या बॅटरीचा जो फायदा कोणी सांगत नाही तो वेगळाच आहे. जुन्या ३६ व्होल्टच्या बॅटरीत दहा-दहा सेलच्या तीन रांगा, म्हणजे ३० सेल होते, नवीत चार रांगा, म्हणजे ४० आहेत. त्यामुळे पूर्वी तीन रांगांत विभागला जाणारा प्रवाह आता चार रांगांत विभागला जातो. चढावर मोटरने १२ अँपिअर घेतले तर प्रत्येक सेलवर चारऐवजी तीनच अँपिअरचा भार पडतो. पूर्वी अर्धी बॅटरी उरलेली असताना चढावर डिस्प्लेवरच्या पट्ट्या झपकन खाली येत आणि सपाटीवर पुन्हा वर जात, त्यामुळे नेमकी किती शिल्लक आहे याचा भरवसा वाटत नसे. तो प्रकार आता बराच कमी झाला आहे. शिवाय नवा डिस्प्ले टक्केवारीबरोबर व्होल्टेजही दाखवतो, ही रंगीत चित्रांपेक्षा कितीतरी उपयोगाची सोय आहे. पूर्ण भरलेली बॅटरी ४२ व्होल्ट दाखवते. आकडा ३४ च्या आसपास आला की मी मदतीची पातळी एकने कमी करते.

पाचवी पातळी मी आता जवळजवळ वापरत नाही. ताशी २५ किलोमीटरला मोटरची मदत बंद होते, त्यामुळे या पातळीवर सायकल सतत त्या मर्यादेला टेकून चालते. ११ किलोमीटर अंतर ताशी २५ ने कापायला साधारण साडेसव्वीस मिनिटे लागतात, ताशी २२ ने तीस. सिग्नलच्या थांब्यांमध्ये हा साडेतीन मिनिटांचा फरकही बहुधा विरून जातो. उलट वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने प्रत्येक किलोमीटरला वाऱ्याशी झुंजण्यात जाणारी ऊर्जा जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढते.

ब्रेकबद्दल मी आग्रहाने लिहीत आहे. साधी सायकल, स्वार आणि सामान मिळून ९० किलो वजन ताशी १८ किलोमीटरने जात असेल, आणि ई-सायकलसह १०० किलो वजन ताशी २५ ने जात असेल, तर थांबताना ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा दुपटीहून अधिक होते. तारेवर चालणारे डिस्क ब्रेक हे काम करीत नाहीत असे नाही. परंतु पॅड झिजले आणि तार ढिली झाली की लिव्हर हळूहळू हँडलच्या जवळ येऊ लागतो, आणि हा बदल इतका संथ असतो की आपल्या लक्षातच येत नाही. पावसाळ्यात जुन्या सायकलीची तार मला दर आठवड्याला आवळावी लागे. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये पॅडची झीज तेलाच्या दाबाने आपोआप भरून निघते, एका बोटाचा जोर पुरतो, आणि ओल्या रस्त्यावर किती दाबायचे याचा अंदाज बोटांनाच येतो. नवे पॅड बसवल्यानंतर मध्यम वेगावरून वीसेक वेळा, पूर्ण न थांबता, सायकल हळू करावी. तोपर्यंत पॅडची पकड पुरेशी येत नाही. पुढचे पॅड २,१०० किलोमीटरला बदलावे लागले, मागचे अजून चालू आहेत. नव्या डिस्कची जाडी १.८ मिलिमीटर होती, ती मागे आता १.७ भरते, १.५ झाली की बदलायची आहे. साखळीला तेल देताना एक थेंबही डिस्कवर उडू नये, एवढी काळजी मात्र कायम घ्यावी लागते.

याच ब्रेकमुळे एक अडचणही आली. लिव्हर ओढताच मोटर बंद व्हावी म्हणून त्यात एक छोटा स्विच असतो. एका रात्रभराच्या पावसानंतर सकाळी डिस्प्ले चालू, दिवा चालू, पण मोटर हलेना. विक्रेत्याकडच्या दुरुस्ती विभागाने सायकल पाच मिनिटे पाहून मोटरला वीज देणारा कंट्रोलर बदलावा लागेल असे सांगितले. मी ती घरी आणली आणि ब्रेकच्या स्विचची जोडणी एकेक करून सोडवून पाहिली. डावी जोडणी सोडवताच मोटर सुरू झाली. स्विचमध्ये चिखल शिरून तो दाबलेल्या स्थितीतच अडकला होता. साफ करून, वाळवून बसवल्यावर पुन्हा तक्रार आलेली नाही. मोटर अचानक बंद पडली तर महागडा भाग बदलण्याआधी हे दोन स्विच तपासून घ्यावेत.

मागच्या चाकाच्या तारांकडे मात्र मी वेळेवर लक्ष दिले नाही. हबमध्ये मोटर असलेल्या चाकाच्या तारा आखूड असतात, त्यांच्यावर मोटरचा ओढाही पडतो, आणि नवे चाक पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडे ढिले होतेच. ६०० किलोमीटरच्या सुमारास येणारा टिंग-टिंग आवाज मी ऐकूनही पुढे ढकलला आणि १,४५० ला एक तार वाकाशी तुटली. कारागिराने सगळ्या तारा सारख्या ताणून दिल्यावर त्यानंतरच्या सुमारे दोन हजार किलोमीटरमध्ये एकही तुटली नाही. हे काम पहिल्या ३०० ते ५०० किलोमीटरमध्येच करून घ्यायला हवे होते.

मागचे पंक्चर काढणे हा या सायकलीचा सर्वांत कटकटीचा भाग आहे. मोटरच्या वायरची जोडणी सोडवायची, १८ मिलिमीटरच्या पान्याने अक्षाचे नट काढायचे, अक्ष फिरू नये म्हणून बसवलेले वॉशर पूर्वीच्याच बाजूने परत लावायचे. रस्त्याच्या कडेला हे सगळे करायला मला पाऊण तास लागला. त्यानंतर मी मागे जाड अस्तराचा टायर बसवला, पाना कायम पिशवीत ठेवला आणि दर आठवड्याला हवा तपासू लागले. तेव्हापासून मागे पंक्चर झालेले नाही.

पावसात सायकल नेहमी चालवली आहे. तिला मिळालेले आयपीएक्स-४ हे मानांकन कोणत्याही दिशेने उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षणाचे आहे. पाण्यात बुडण्यापासून किंवा जोराच्या फवाऱ्यापासून नाही. म्हणून हबपर्यंत पाणी साचलेल्या रस्त्यात मी ती घालत नाही, आणि धुताना पाइपाऐवजी ओले फडके वापरते.

चार्जिंगची शिस्त सोपी आहे. नवा चार्जर चार अँपिअरचा असल्याने रिकामी बॅटरी सुमारे चार तासांत भरते आणि त्यासाठी साधारण ०.६ युनिट वीज लागते. एरवी मी ८० ते ९० टक्क्यांवर थांबवते, कारण कायम काठोकाठ भरून ठेवल्याने सेल लवकर जुने होतात. महिन्यातून एकदा पूर्ण भरते, कारण सेल एकमेकांशी समतोल करण्याचे काम बॅटरीतले सर्किट भरत आल्यावरच करते. उन्हातून आल्यावर बॅटरी गार होईपर्यंत चार्जर लावत नाही, आणि झोपताना किंवा घराच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर कधीच लावत नाही.

वजन २४ किलो, जुनीपेक्षा चार किलोने अधिक. रस्त्यावर ते जाणवत नाही. जिन्यावर फार जाणवते. तीन किलोची बॅटरी वेगळी काढून दोन खेपा करणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग आहे.

ज्यांच्याकडे जुनी आवृत्ती सुस्थितीत आहे त्यांनी नवी घ्यावी का, असे मला अनेकांनी विचारले आहे. टॉर्क सेन्सर जुन्या सायकलीत नुसता बसवून चालत नाही. पेडलचा अक्ष बदलावा लागतो आणि त्या सेन्सरची भाषा समजणारा कंट्रोलरही लागतो, त्यामुळे त्या खटाटोपापेक्षा सायकल बदलणे सोपे. ब्रेकचे तसे नाही. सांगाड्यावर आणि पुढच्या काट्यावर डिस्क ब्रेकची जागा आधीच असते, आणि मोटर बंद करणारा स्विच असलेले हायड्रॉलिक लिव्हरही वेगळे मिळतात. नवी सायकल आल्यावर मी जुनीला हेच ब्रेक बसवून घेतले, मागच्या तारा ताणून घेतल्या, आणि आता धाकटी बहीण तीवरून रोज सहा किलोमीटरवर शिकवायला जाते.