क्यूजीआयएस की आर्कजीआयएस: मुंबईच्या पाण्याचं काम घेताना

क्यूजीआयएस (फुकट) आणि आर्कजीआयएस (परवान्याचं) या नकाशे आणि भूभागाच्या डेटावर काम करणाऱ्या दोन सॉफ्टवेअरपैकी कुठलं घ्यायचं हे विचारताना बहुतेक जण परवान्याच्या किमतीपासून सुरुवात करतात. त्याआधी काम कुठलं ते ठरवा. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावांचं पाणलोट क्षेत्र आखायचंय, शहरातल्या पावसाच्या पाण्याचा निचरा बघायचाय, की पाइपलाइनचं जाळं सांभाळायचंय?

पाणलोटासाठी क्यूजीआयएस डोळे झाकून घ्या. अप्पर वैतरणा इगतपुरीकडे, तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात, सगळा डोंगराळ मुलूख. उतार ठळक असल्यामुळे अवकाशातून रडारने केलेल्या एसआरटीएम किंवा कोपर्निकस मोजणीचं ३० मीटरच्या चौकटींचं फुकट डीईएम (जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा) आणि क्यूजीआयएसमधून चालणाऱ्या ग्रासचं आर-वॉटरशेड हे टूल एवढ्यावर हद्द बऱ्यापैकी बरोबर येते. आर्कजीआयएस प्रोमध्ये तेच काम फिल (खड्डे बुजवणं), फ्लो डायरेक्शन (पाण्याची दिशा), फ्लो अ‍ॅक्युम्युलेशन (कुठे किती पाणी गोळा होतं), वॉटरशेड (पाणलोटाची हद्द) अशा पायऱ्यांनी होतं. टूल्स नीटनेटकी आहेत, पण त्यांना आर्कजीआयएसचं जोड-पॅकेज स्पेशियल अ‍ॅनालिस्ट लागतं. कोटेशन घेताना ते परवान्यात धरलंय का, हे विचारा. शिवाय आर्कजीआयएस प्रो फक्त विंडोजवर चालतं.

शहरात शिरलात की मात्र दोन्ही सारखीच लंगडी पडतात, कारण दोष डेटात आहे. एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी २०००ची. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला आणि त्यानंतर मिठी नदीचं पात्र रुंद करण्यात आलं. ते या डीईएममध्ये कुठून येणार? त्यात रडारने जमिनीऐवजी छपरं मोजलेली, त्यामुळे कुर्ला-धारावीत पाणी इमारतींना वळसे घालत वाहताना दिसतं. उंचीही पूर्ण मीटरमध्ये, आणि इथे वीतभर फरकाने गल्ली तुंबते.

फिलचंच बघा. डोंगरातल्या डीईएममधले खड्डे बहुतेक वेळा मोजणीतल्या चुका असतात, ते बुजवणं योग्य. पण हिंदमाता हा खराखुरा बशीसारखा सखल भाग आहे. तिथे डोळे मिटून फिल चालवलंत तर जे शोधायला निघालात तेच पुसलं जातं. उलट बुजवलेल्या डीईएममधून मूळ डीईएम वजा करा, पाणी कुठे आणि किती खोल साचेल याचा अंदाज मिळतो. ही वजाबाकी करणारा रास्टर कॅल्क्युलेटर दोन्हीकडे आहे; चांगलं डीईएम मात्र तुम्हालाच आणायचंय.

तुम्ही कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, डेटमची, म्हणजे उंची कुठल्या शून्यापासून मोजली त्याची, खात्री करून घ्या. महापालिकेच्या नकाशांवरच्या पातळ्या टाऊन हॉल डेटमवर असतात, भरती-ओहोटीचं कोष्टक चार्ट डेटमवर, आणि मुंबईत सरासरी समुद्रपातळी चार्ट डेटमच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. हे जुळवलं नाही तर ४.५ मीटरच्या भरतीत कुठला नाला उलटा भरेल, याचं उत्तर साफ चुकतं.

आर्कजीआयएसची बाजू जड होते ती जाळ्याच्या कामात. व्हॉल्व्ह, जोडण्या, जलकुंभ, दहा जण एकाच वेळी नोंदी बदलताहेत, कोणी काय बदललं याचा माग हवा, आणि अडलं तर फोन उचलणारा कंपनीचा माणूस हवा. क्यूजीआयएस आणि पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसवर हे जमतं, पण डेटाबेस सांभाळणारा हाताशी असेल तरच. तो नोकरी सोडून गेला की सगळं अडतं. पाण्याच्या दाबाचं गणित तुम्हाला बहुधा एपॅनेट या पाइपजाळ्याच्या सॉफ्टवेअरमध्येच करावं लागेल, आणि ते फुकट आहे.

एक किरकोळ पण छळणारी गोष्ट: शेपफाइल या नकाशाच्या जुन्या फाइल-प्रकारात रकान्याचं नाव १० बाइटमध्ये बसवावं लागतं. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइट खातं, म्हणजे ‘पाणलोट’ अर्ध्यातच तुटतो. त्याऐवजी जिओपॅकेज हा फाइल-प्रकार वापरा, ते दोन्हीकडे उघडतं.

छोटी सल्लागार संस्था असाल तर माझं मत क्यूजीआयएसला. परवान्याचे वाचलेले पैसे मिठीकाठच्या आणि सखल वॉर्डांतल्या पातळ्या मोजून घेण्यावर घाला. ग्राहकाने करारातच फाइल जिओडेटाबेस आणि युटिलिटी नेटवर्क ही आर्कजीआयएसची डेटा ठेवायची रूपं मागितली असतील, तर आर्कजीआयएसचा खर्च त्याच्याच अंदाजपत्रकात धरा.