गर्भपातावर कार्यक्रम ठेवायचाय? वादविवाद घ्यावा की गोल करून बसावं

आमच्या कट्ट्यावर हा टॉपिक दोनदा झाला, एकदा वादविवाद म्हणून आणि वर्षभरानं गोल करून बसून, हार-जीत न ठेवता नुसतं बोलत, त्यामुळे कोणी विचारलं "आम्ही कसा घ्यावा" तर थोडंफार सांगू शकतो. दोनच संध्याकाळींवरचं मत आहे हं, तुमच्याकडे उलटंही होऊ शकतं. कायद्याचं थोडक्यात एवढंच: गर्भपाताचा कायदा 1971 चा, 2021 च्या दुरुस्तीनंतर मुदत साधारण 20 आठवडे आणि ठरावीक बायकांना 24 आठवडे.

वादविवादाचं कौतुक आधी करतो. लोक अभ्यास करून येतात. एका मुलीनं निकेता मेहता यांची 2008 ची केस इतकी नीट मांडली की बास, गर्भाच्या हृदयात दोष, तेव्हाची 20 आठवड्यांची मुदत उलटलेली, मुंबई हायकोर्टाचा नकार, आणि तिथून थेट 2022 वर आली, जेव्हा सुप्रीम कोर्टानं सांगितलं की 24 आठवड्यांपर्यंतची सवलत अविवाहित बाईलाही आहे. हॉल भरलेला, टाळ्या, परीक्षकांना शाल-श्रीफळ. गोलात एवढी तयारी कोणी करत नाही, खरं सांगतो, निम्मे चहासाठी येतात.

पण मला खटकलं ते एकच. विरोधी बाजूच्या पहिल्याच मुलानं तिसऱ्या वाक्यात "भ्रूणहत्या" म्हटलं आणि संपलं. पुढचा पाऊण तास सगळे स्त्रीभ्रूणहत्येवर, सोनोग्राफी मशीन काय, मुलींचं प्रमाण काय, समोरची बाजू पण तावातावानं त्यावरच उत्तरं देतेय. अहो, तो कायदा वेगळा! लिंगनिदानावर बंदी घालणारा, आपल्या महाराष्ट्रानं 1988 लाच आणला, देशात पहिला, केंद्राचा 1994 ला आला. आणि गंमत म्हणजे लिंग बघून गर्भ पाडू नये यावर त्या हॉलमध्ये एकाचंही दुमत नव्हतं. म्हणजे जिथं सगळ्यांचं एक मत तिथं आम्ही पाऊण तास भांडलो, आणि जिथं खरंच पटत नाही तिथं पोचायच्या आत घंटा वाजली. परीक्षकांनी त्या मुलाला दुसरा नंबर पण दिला, असो.

गोलाची आयडिया बॉस्टनची. तिथं ब्रुकलाइनला 30 डिसेंबर 1994 ला गर्भपाताच्या दोन क्लिनिकमध्ये गोळीबार झाला, रिसेप्शनवरच्या दोघीजणी गेल्या. त्यानंतर गर्भपाताच्या बाजूच्या आणि विरोधातल्या तीन-तीन अशा सहा पुढारी बायका गुपचूप भेटायला लागल्या, ठरल्या होत्या चार भेटी, चाललं साडेपाच वर्षं, आणि 2001 मध्ये सहाजणींनी मिळून बॉस्टन ग्लोबमध्ये लिहिलं तेव्हा कुठं लोकांना कळलं. त्यांचंही गाडं शब्दावरच अडलं होतं, काहींना 'बाळ' चालेना, काहींना नुसतं 'फीटस' म्हणजे गर्भ चालेना, शेवटी नाइलाजानं 'ह्यूमन फीटस', मानवी गर्भ, वर तडजोड. गर्भपाताबद्दलचं मत मात्र एकीचंही बदललं नाही.

आम्हीही पहिली वीस मिनिटं शब्दांवरच घालवली. 'हत्या' नको, दुसऱ्या बाजूनं 'मागासलेले' नको, पोटातल्याला 'गर्भ' म्हणायचं. त्यात एक रिटायर्ड सिस्टर हसायला लागल्या, "आमच्याकडे यातलं काहीच कोणी म्हणत नाही हो, बायका म्हणतात पिशवी साफ करायचीय, नाहीतर क्युरेटिंग." तिथून गाडी सहीवर आली. सज्ञान बाईला फक्त तिची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्यात कुठंच नाही, तरी गोलातल्या एका ताईंना एका दवाखान्यातून सहीशिवाय परत पाठवलं होतं. आमचे एक काका आहेत, माळकरी, गर्भपाताला पूर्ण विरोध. ते म्हणाले, "कायद्यात नाही तर मागतात कशाला, हा खोटेपणा झाला." ताई खूश, आणि लगेच काका पुढं, "पण नवऱ्याला विचारायचंच नाही, हे मला नाही पटत." झालं, कुठवर एकत्र आहोत आणि कुठून फाटा फुटतो ते दोन वाक्यांत समोर आलं, वादविवादात हे दोन तासांत नव्हतं आलं.

आता गोलात तोटेही आहेतच. निकाल लागत नाही, बाहेरच्याला कंटाळवाणं वाटतं, फोटोही धड येत नाहीत. निकालच हवा असेल तर आयर्लंडसारखं करावं लागतं, आपल्या बेळगावच्या सविता हलप्पनवार 2012 ला तिथल्या गॉलवेत गर्भपात नाकारला गेल्यावर वारल्या, त्यानंतर लोकांचा दबाव वाढत गेला आणि मग चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडलेले 99 सामान्य नागरिक या एका विषयावर पाच वीकेंड बसले, तज्ज्ञ ऐकले, मतदान केलं, आणि 2018 च्या सार्वमतात 66.4 टक्के लोकांनी बंदी उठवायच्या बाजूनं मत दिलं. पण त्याच्यामागं सरकार होतं, आपल्याकडे एक हॉल आणि सतरंज्या.

कॉलेजचं गॅदरिंग असेल, दोनशे पोरं असतील तर वादविवादच घ्या, फक्त विषयाच्या वाक्यातच "लिंगनिदान वगळून" असं छापा. मंडळ असेल, माणसं रोजच्या ओळखीची असतील तर मी तरी गोलच म्हणेन, बाराच्या वर माणसं नकोत, आणि चहा शेवटी ठेवू नका, मध्ये ठेवा. आमचे काका मध्येच उठून चपला घालत होते, सिस्टरनी कप हातात दिला म्हणून परत बसले.