ओटीपी कुणालाच सांगितला नाही, तरी खातं रिकामं

मे महिन्यात नागपूरकराला वीज तोडायची धमकी लगेच लागू पडते. पारा ४५ वर, घरात म्हातारी माणसं, कूलर दिवसरात्र सुरू. अशात मेसेज येतो: ‘मागील महिन्याचे बिल अपडेट नाही. आज रात्री ९.३० वाजता वीज खंडित होईल. अधिकाऱ्याशी संपर्क करा.’ खाली साधा दहा आकडी मोबाइल नंबर.

खोटेपणा इथेच दिसतो. महावितरणचे मेसेज ‘एमएसईडीसीएल’ या नावाने येतात, कुणाच्या खासगी नंबरावरून नाही. शिवाय वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीपोटी वीज तोडायची तर १५ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. शंका असेल तर १९१२ ला फोन करा, मेसेजमधल्या नंबराला नको.

तरी लोक फोन लावतात. पलीकडचा हिंदीत बोलतो, आणि आपल्याकडे हिंदी ऐकून कुणाला संशय येत नाही. बिल भरलंय म्हटलं की तो लगेच मान्य करतो: पैसे मिळाले, फक्त अपडेट राहिलंय. भांडायला जागाच ठेवत नाही. मग व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल येते, नावाच्या शेवटी ‘.एपीके’. म्हणजे प्ले स्टोअरला वगळून थेट फोनमध्ये घुसणारं अ‍ॅप. फोन धोक्याची सूचना देतो, ‘साहेब’ ती बाजूला सारायला सांगतो. अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. खरी चोरी ही. पुढे ‘फक्त १० रुपये भरा’ म्हणून जे पान उघडतं, त्यात कार्डाचा तपशील त्याला मिळतो आणि बँकेचा ओटीपी अ‍ॅप परस्पर त्याच्याकडे पाठवतं. तुम्ही तोंडातून एक आकडा काढलेला नसतो. दहा रुपये हे निव्वळ गाजर.

पैसे गेले की आधी फोन एरोप्लेन मोडवर टाका आणि वाय-फायही बंद करा. दुसऱ्या फोनवरून १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा, मग बँकेला सांगून कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय बंद करा. १९३० वर खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे ओळख क्रमांक विचारतात. घाई यासाठी की पैसे भाड्याने घेतलेल्या एका परक्या खात्यातून दुसऱ्यात सरकतात आणि एटीएममधून निघतात. तोवर जिथे सापडतील तिथेच गोठवता येतात. गोठवलेली रक्कम परत मिळवायला काही वेळा न्यायालयाचा आदेश लागतो, म्हणून तक्रारीचा पोच क्रमांक सांभाळा. फोन रिसेट करण्याआधी त्या अ‍ॅपचे, चॅटचे आणि नंबराचे स्क्रीनशॉट घ्या. ती फाइलच पुरावा असते, आणि घाबरून लोक नेमकी तीच आधी उडवतात.

बँक ‘तुमची चूक’ म्हणेल. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ग्राहकाचा निष्काळजीपणा असला तरी बँकेला कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेवर टाकलंय. म्हणून बँकेकडूनही तक्रार क्रमांक आणि वेळ मागून घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

काही आठवड्यांनी आणखी एक फोन येऊ शकतो: ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सापडली, सोडवायला फी भरा.’ १९३० वर तक्रारीला किंवा पैसे परत मिळवायला कसलीच फी नसते.