रोहतांगच्या ‘खालून’ गेलेले १४,९०० रुपये

आम्ही ज्या रस्त्याने गेलो त्या रस्त्याला पर्यटकांसाठी कसलाही परवाना लागत नाही. तरीही रोहतांग खिंडीच्या परवान्यापोटी मी १० जून २०२४ रोजी संध्याकाळी मनालीच्या मॉल रोडजवळील एका दुकानात ६,६०० रुपये मोजले. त्यात टॅक्सीचे ६,५०० आणि बर्फाच्या कपड्यांच्या भाड्याचे १,८०० मिळवले की बेरीज १४,९०० होते. एवढ्या रकमेने घर बुडत नाही, हे मला मान्य आहे. परंतु मी बत्तीस वर्षे लेखापरीक्षणात काढली असून, प्रमाणकावर (व्हाउचरवर) एखादा रकाना कोरा दिसला की ग्रामसेवकाला घाम फुटेपर्यंत प्रश्न विचारणारा माणूस म्हणून तालुक्यात माझी ख्याती होती. त्यामुळे हे लिहिताना मला रागापेक्षा लाजच अधिक वाटते आहे.

आम्ही सहा जण होतो: मी, पत्नी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. दिल्लीहून रात्रभर बसने घाट चढून आल्यामुळे मुलगा उलट्यांनी हैराण होऊन हॉटेलात पडला होता, आणि एरवी मोबाइलवर सगळे तपासून पाहणारा तोच होता. नातवंडांनी बर्फाचा धोशा लावलेला होता. दुकानावर ‘पर्यटक माहिती’ अशी पाटी, तिच्याखाली तिरंगी पट्टा आणि आत भिंतीवर हिमाचलचा भलामोठा नकाशा होता; शिवाय दारातला तरुण मला पाहताच स्वच्छ मराठीत म्हणाला, “या काका, नाशिक का पुणे?” परमुलखात आपली भाषा कानावर पडली की माणूस सैल होतो, आणि हे त्यालाही ठाऊक असणारच. कोणीही माझ्या जागी असता तर खुर्चीत बसला असता, असे मी अजूनही स्वतःला सांगतो.

त्याने दिलेली माहिती अशी होती. रोहतांगला आणि त्या खिंडीखालून जाणाऱ्या अटल बोगद्याला मिळून एकच परवाना असतो, तो माणशी १,१०० रुपये पडतो, तो केवळ नोंदणीकृत एजंटालाच मिळतो, आणि मंगळवारी खासगी गाड्यांना बंदी असल्यामुळे आपल्याला गर्दीही लागणार नाही. या चार वाक्यांपैकी एकही खरे नव्हते. वस्तुस्थिती अशी की रोहतांग खिंडीत दिवसाला १,२०० गाड्याच (८०० पेट्रोलच्या आणि ४०० डिझेलच्या) सोडण्याची मर्यादा राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशामुळे आलेली आहे. तिचा परवाना सरकारी संकेतस्थळावर कोणालाही काढता येतो, तो माणसाला नव्हे तर गाडीला मिळतो, आणि त्याचे शुल्क ५०० अधिक गर्दीशुल्क ५० असे संपूर्ण गाडीचे ५५० रुपये होते. मंगळवारी रस्त्याच्या देखभालीसाठी खिंड पर्यटकांच्या सर्वच गाड्यांना बंद ठेवतात. बोगद्यातून पलीकडे लाहौलमध्ये जायला तर हा परवाना लागतच नाही. माणशी दर कानावर पडला की तिथून उठावे, एवढे जरी मला त्या दिवशी कळले असते तरी पुरे होते.

आता ज्या क्षणासाठी मी स्वतःला क्षमा करू शकत नाही, तो सांगतो. त्याने पिवळ्या कागदाची पावती फाडून माझ्या हातात दिली. तीवर ‘रोहतांग दर्शन, ६ सवारी, १३,१००’ असे लिहिलेले होते. खाली गाडी क्रमांक आणि परवाना क्रमांक असे दोन छापील रकाने होते, आणि दोन्ही कोरे होते. मी ते पाहिले. नुसते पाहिले नाही, त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून विचारलेसुद्धा. “सकाळी गाडी लागली की भरतो, काका,” असे तो म्हणाला आणि मी मान डोलावली. गाडीचा क्रमांकच ठरलेला नसेल तर गाडीचा परवाना निघेल कसा, हा पहिल्या वर्षाच्या कारकुनालाही सुचणारा प्रश्न मला सुचला नाही. पैसे मोबाइलवरून पाठवताना समोर दुकानाचे नाव न येता कोण्या महिलेचे नाव आले, तेही मी वाचले, आणि तरीही आकडे दाबले.

सकाळी चालकाने प्रथम रस्त्याकडेच्या क्रमांक टाकलेल्या दुकानांपैकी एका ठराविक दुकानाशी गाडी थांबवली आणि “वर कडाक्याची थंडी आहे” असे सांगून माणशी ३०० रुपयांप्रमाणे कोट व गमबूट घ्यायला लावले. ते पैसे रोख दिले, पावती नाही. पुढे पलचानच्या फाट्यावर रस्ता दुभंगतो. उजवीकडचा कोठी, गुलाबा, मढी करत रोहतांगला चढतो आणि डावीकडचा सोलंगवरून बोगद्याकडे जातो. गाडी डावीकडे वळली. मी हटकले तेव्हा चालक म्हणाला, “नया रास्ता है, सर.” बोगद्याच्या तोंडाशी आमचा ‘परवाना’ कोणीही मागितला नाही. नऊ किलोमीटरचा तो बोगदा खरोखर पाहण्यासारखा आहे, आणि वेगळ्या परिस्थितीत मी त्याचे कौतुकही केले असते. पलीकडे सिस्सूला उतरलो तेव्हा लख्ख ऊन पडले होते, शेजारच्या वाफ्यात मटार डोलत होता, आणि आम्ही सहा जण गुडघ्यापर्यंत गमबूट घालून उभे होतो. चहाच्या टपरीवरच्या बाईंना मी रोहतांग कोठे म्हणून विचारले. त्यांनी आम्ही आलो त्याच डोंगराकडे हात केला आणि आज मंगळवार, खिंड बंद, एवढेच सांगितले. बोगद्याची दोन्ही तोंडे समुद्रसपाटीपासून ३,१०० मीटरच्या आतच आहेत आणि खिंड ३,९७८ मीटरवर आहे. म्हणजे जे पाहायला आलो ते जवळजवळ ९०० मीटर डोक्यावर राहिले होते. धाकटा नातू बूट काढून म्हणाला, “आजोबा, बर्फ संपला का?”

परत येऊन दुकानात जाब विचारला, तर तो तरुण जराही ओशाळला नाही. आता मात्र तो हिंदीत बोलत होता. “काका, रोहतांग के नीचे से तो गये ना?”

त्यानंतरचे दीड दिवस सरकारदरबारी गेले आणि त्याची चीड मला त्या तरुणापेक्षाही जास्त आहे. पोलीस चौकीत सांगितले की पैसे तुम्ही राजीखुशीने दिले आहेत, फिरूनही आला आहात, म्हणजे हा व्यवहारातला वाद आहे. पर्यटनाशी संबंधित कार्यालयात सांगितले की एजंटाची नोंदणीच नसेल तर त्याच्यावर कारवाई करण्याचा अधिकार आमच्याकडे येत नाही. म्हणजे नोंदणी करणाऱ्याला नियम लागू आणि न करणारा मोकळा. परवान्याचे काम पाहणाऱ्या तिसऱ्या टेबलावर तर कहरच झाला. “बनावट परवाना दिला असता तर गुन्हा झाला असता, त्याने तुम्हाला कोणताच परवाना दिलेला नाही,” असे मला शांतपणे समजावण्यात आले. माझा अर्ज घ्या आणि पोच द्या, एवढीच माझी मागणी होती. अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही, आणि शिक्का असलेले साहेब जेवायला गेले आहेत असे दुपारी चार वाजता सांगितले. बँकेनेही व्यवहार तुम्हीच मंजूर केला आहे, असे उत्तर पाठवून हात झटकले. हॉटेलच्या मालकाने रात्री सहज सांगितले की सिस्सूला जाऊन-येऊन टॅक्सी साडेतीन हजारांत मिळाली असती. हे त्यांनी आदल्या दिवशी का सांगितले नाही, असे विचारल्यावर ते म्हणाले, “आपने पूछा नहीं.”

जाणाऱ्यांनी परवान्यावर गाडीचा क्रमांक आणि तारीख पाहिल्याशिवाय एक रुपयाही सोडू नये. मंगळवारी रोहतांगला नेतो म्हणणाऱ्याशी पुढे बोलूच नये. जूनमध्ये बर्फ डोळ्यांनी दिसेपर्यंत गमबूट भाड्याने घेऊ नयेत, आणि मराठीतून हाक मारणाऱ्या अनोळखी माणसाकडे तर दुप्पट संशयाने पाहावे.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे, हे मला घरी परतल्यावर कळले. तक्रार मी लिहून काढली आहे. तीत विरुद्ध पक्षाचे पूर्ण नाव आणि पत्ता लागतो. माझ्या पिवळ्या पावतीवर फक्त एक मोबाइल क्रमांक आहे आणि तो आता बंद लागतो. सुनेचे मामेभाऊ पुढच्या आठवड्यात मनालीला जात आहेत. पाटीचा आणि शेजारच्या दुकानांच्या क्रमांकांचा फोटो काढून आणा, असे मी त्यांना लेखी कळवले आहे.