शब्बाथची प्लाता : सहा वर्षं वापरल्यावर

शुक्रवारी दुपारी स्वयंपाक आटोपत आला की मी ओट्याखालून प्लाता काढते, कोरड्या फडक्याने पुसते आणि भिंतीशी लावून ठेवते. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंतच्या आम्हा ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, अन्न गरम ठेवणारी ही विजेची शेगडी. इथे इस्रायलमध्ये घरोघरी हिला हेच नाव आहे. अ‍ॅल्युमिनियमचा सपाट पत्रा, खाली चार पाय, एक वायर. माझी चार भांड्यांची आहे. सहा वर्षांपूर्वी दोनशे शेकेलच्या आत घेतली आणि आजवर एकदाही दुरुस्तीला गेली नाही.

नवीन बघणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो की हिला बटण कुठे आहे? बटण नाही. आच कमी-जास्त करायची सोयच ठेवलेली नाही, आणि हिचा खरा गुण तोच. शब्बाथला जी ३९ कामं वर्ज्य आहेत त्यांत विस्तव पेटवणं आहे आणि शिजवणंही आहे. जुन्या पंडितांना धास्ती ही की अन्न गरम राहावं म्हणून माणूस नकळत निखारे सारखे करायला हात घालेल. म्हणून मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथात, सुमारे अठराशे वर्षांपूर्वी, नियम घालून दिला : चुलीतले निखारे काढा किंवा त्यांवर राख टाका, मगच भांडं ठेवा. रेवदंड्याला माझी आजी शुक्रवारी दिवेलागणीआधी निखाऱ्यांवर राख पसरायची आणि त्यावर भाताचं पातेलं ठेवायची. तिने मिश्ना वाचलेला नव्हता. तिच्या सासूने तिला तसं शिकवलं होतं. कोकणातले लोक आम्हा बेने इस्रायलांना, म्हणजे तिथल्या ज्यूंना, शनवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी आमचे घाणे बंद असायचे. राखेच्या जागी आता हा पत्रा आला, एवढाच फरक.

आता वापराचं सांगते. सूर्यास्ताच्या तासभर आधी लावावी, तापायला वेळ घेते. मधला भाग सर्वांत गरम, कडा सौम्य. भात कडेला ठेवा, मध्ये ठेवलात तर तळाला खरपुडी धरते. मटण मध्ये चांगलं राहतं. चपात्या फॉइलमध्ये गुंडाळल्या तरी सकाळपर्यंत कडक होतात, त्या ठेवू नका. रात्रभर ठेवलेली उकडलेली अंडी मात्र आतून बदामी होतात, नातवंडं त्यासाठी भांडतात.

हिची खरी कसोटी माशाच्या रश्श्याला लागते. शब्बाथला आमच्याकडे मासे हवेतच, आणि रस्सा ओल्या नारळाच्या दुधातला. दूध आणि मांस एकत्र चालत नाही म्हणून आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या नारळाच्या दुधावरच स्वयंपाक करत आल्या. हा रस्सा रात्रभर प्लातेवर ठेवला तर सकाळी वर तेलाचा थर येतो, खाली दूध फुटून कणीदार होतं, कोथिंबीर काळी पडते आणि मासा चमच्याला लागला की मोडतो. बाहेर ठेवावा तर ऑगस्टमधला अश्दोदचा उकाडा. म्हणजे रस्सा फ्रीजमध्ये ठेवायचा आणि शनिवारी मशिदीतून आल्यावर गरम करायचा. (आम्ही सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराला, मशीदच म्हणतो.) पण गरम करायचा का, इथेच वाद आहे.

माझ्या जेवणाच्या टेबलावर या वादाच्या तिन्ही बाजू बसलेल्या असतात. जावई अश्केनाझी, म्हणजे युरोपातल्या ज्यूंपैकी. त्यांच्या घरी शब्बाथला फ्रीजमधलं काहीही प्लातेवर ठेवत नाहीत, कोरडंसुद्धा नाही, कारण ते स्वयंपाक केल्यासारखं दिसतं. आमच्या मशिदीत सेफार्दी (स्पेन आणि पूर्वेकडच्या ज्यूंच्या परंपरेतले) रब्बी, म्हणजे धर्मगुरू, ओवादिया योसेफ यांचं मत मानतात : पूर्ण शिजलेलं कोरडं अन्न ठेवायला हरकत नाही, कारण असल्या पत्र्यावर कोणी स्वयंपाक करत नाही, पण थंड झालेला पातळ पदार्थ नाही. शुल्हान आरुख या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथाप्रमाणे पातळ पदार्थ निवला की तो पुन्हा तापवणं म्हणजे पुन्हा शिजवणंच. आणि सून येमेनी घराण्यातली. तिचे वडील रांबाम या जुन्या ज्यू पंडिताचा आधार देतात : एकदा शिजलेलं पुन्हा शिजत नाही, मग ते सूप असो की भात. ते सूप सरळ प्लातेवर ठेवतात. तिघेही शब्बाथ काटेकोरपणे पाळणारे. पत्रा एकच, निवाडे तीन.

मला विचाराल तर येमेनी मत पटतं. रांबामने हे बाराव्या शतकात लिहिलं, काही सोयीसाठी काल शोधून काढलेली पळवाट नाही ती. फ्रीज घरात आल्यावर शिळं आणि थंड यांचा अर्थच बदलला, तेव्हा जुन्या दोन मतांपैकी सैल मत उचलण्याचा विचार आमच्या लोकांनीही करावा, असं मी मशिदीत उभं राहून सांगितलं आहे. पण बदल असा ग्रंथातून, वाद घालून यावा. अमेरिकेतल्या कन्झर्व्हेटिव्ह या ज्यू पंथाच्या रब्बींनी १९५० साली शब्बाथला सिनेगॉगपर्यंत गाडी चालवायला परवानगी दिली. लोक दूर राहत होते हे खरं, तरी ते मला पटत नाही. शनिवारी चालत जाताना वाटेत जी माणसं भेटतात, त्यांच्यामुळे आमची वस्ती वस्ती राहिली आहे.

आणि हे ठरवायला आम्ही कोण, असं कोणी म्हणू नये. साठच्या दशकात याच देशात बेने इस्रायलांशी लग्न लावण्यापूर्वी त्यांच्या पिढ्यांची चौकशी करा असे आदेश निघाले होते. आमची माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली, आणि १९६४ साली सरकारला जाहीर करावं लागलं की आम्ही सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहोत. तेव्हा प्रश्न विचारायचा हक्क आम्ही मिळवलेला आहे.

निवाडा होईपर्यंत मी मशिदीचा नियम मोडत नाही. शुक्रवारी रस्सा अंगाबरोबर आटवते. मशिदीत प्रार्थना चालवणाऱ्या हज्जानकाकांना एकदा पातेलं उघडून दाखवलं. त्यांनी डाव तिरका धरला, ओघळ आला नाही. म्हणाले, हे कोरड्यात धरायला हरकत नाही. तेव्हापासून शनिवारी सकाळी ते पातेलं कडेला ठेवते आणि अर्ध्या तासात जेवायला वाढण्याजोगं होतं. आईच्या रश्श्याची चव त्याला नाही. भातावर ओतावा असा तो रस्सा आता फक्त मंगळवारी होतो.

घेणार असाल तर दोन भांड्यांची घेऊ नका, पाहुणा आला की अडचण होते. वायर पत्र्यापासून लांब निघते ना ते दुकानातच पाहा. माझ्या पहिल्या प्लातेची वायर पत्र्याला टेकून वितळली होती आणि शब्बाथला स्विचला हात लावायचा नसल्यामुळे आम्ही घरभर धास्तावलो होतो, शेवटी जिवाला धोका म्हणून मुलाने मेन स्विच बंद केला. टायमर लावण्याआधी आपल्या रब्बींना विचारा, त्यावरही मतं वेगळी आहेत. आणि पत्र्यावर कधी थंड पाणी सांडू देऊ नका, मधोमध फुगतो आणि मग पातेलं डुगडुगतं.